संप्रेरकाची गोळी की हाडांचे औषध?



या सदरात एरवी आपण बियाणे, खते आणि गुरांचा चारापाणी यांविषयी बोलतो. आज विषय जरा निराळा आहे. एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे तिने कळवले आहे, म्हणून छापत नाही. तिचे वय ४३. चौतिसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली. घरचे सगळे कोयत्यावर ऊसतोडीला जाणारे. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे निघाले. एक डॉक्टर म्हणाले, संप्रेरकाची म्हणजे हार्मोनची गोळी घ्या. दुसरे म्हणाले, आठवड्याला एक हाडांची गोळी घ्या, हार्मोनने कर्करोग होतो. घरात ६९ वर्षांची सासू आहे, तिची पाठ वाकत चालली आहे. “एकच गोळी दोघींना चालेल का, आणि कोणती?” असा तिचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नव्हे. औषध लिहून देणे हे माझे काम नाही. पण दोन सल्ले समोर आले असता कोणता का आणि कोणासाठी, हे समजून घेणे प्रत्येकाचे काम आहे. कीटकनाशकाच्या दुकानात तुम्ही दुकानदाराला चार प्रश्न विचारता, तेवढेच इथेही विचारावेत.

आधी हाड म्हणजे काय ते पाहू. हाड दगडासारखे मेलेले नसते. मातीच्या भिंतीसारखे ते सतत कुठे पोखरले जाते आणि कुठे लिंपले जाते. पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, लिंपणाऱ्या वेगळ्या. तिशीपर्यंत लिंपण जास्त, पुढे काही वर्षे बरोबरी आणि नंतर पोखरण जास्त. स्त्रीच्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते. पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरण्याचे काम ते करते. पाळी कायमची गेली की इस्ट्रोजेन आटते, मुकादम निघून जातो, आणि पहिली पाच-सात वर्षे हाड झपाट्याने झिजते.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना हे लवकर उमगेल. तलंग अंड्यावर येण्याच्या बेतात असताना तिच्या अंगात इस्ट्रोजेन वाढते आणि तिच्या पायांच्या हाडांच्या पोकळीत चुन्याचा खास साठा तयार होतो. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. खाद्यात शिंपल्यांचा चुरा कमी पडला तर ती ते हाडांतून काढते, आणि मग पिंजऱ्यातल्या जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या पायावर उभ्या राहीनाशा होतात. व्यालेली दुभती गाय दुग्धज्वराने खाली बसते तेही कॅल्शियमच्याच हिशेबात. तिच्या शिरेतून कॅल्शियम सोडले की ती तासाभरात उठते. बाईचे तसे नाही. तिचे हाड हळूहळू, न बोलता रिकामे होते.

न बोलता, हा शब्द मुद्दाम वापरला. गुडघे दुखतात, सांधे धरतात, त्याला पुष्कळ जणी हाडे ठिसूळ झाली असे म्हणतात. ते वेगळे. सांध्याची झीज दुखते. हाडांची ठिसूळता (डॉक्टर ज्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात) हाड मोडेपर्यंत दुखत नाही. ती कळते ती मनगट, खुबा किंवा पाठीचा मणका मोडल्यावर. मणका तर न पडतासुद्धा चेपतो. भरलेला हंडा उचलताना पाठीत कळ येते, आठ-पंधरा दिवसांनी ती कमी होते, आणि वर्षा-दोन वर्षांत म्हातारीची उंची दोन बोटे कमी भरते. पोक आले ते वयामुळे, असे म्हणून घरचे सोडून देतात. बहुधा सासूबाईंचे असेच झाले असावे. पाठीचे एक साधे क्ष-किरण चित्र काढले तर चेपलेला मणका दिसतो.

बाजाराच्या दिवशी टाचेला यंत्र लावून फुकट हाडे तपासण्याची शिबिरे भरतात. त्या यंत्रावर विसंबून औषध सुरू करू नये, तो फक्त इशारा समजावा. खरी मोजणी डेक्सा नावाच्या यंत्रावर खुब्याची आणि कमरेच्या मणक्यांची होते. निकाल उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर ठिसूळता आहे असे धरतात. ही सोय मोठ्या शहरात असते. तालुक्याला बहुधा नसते. पण साध्या पडण्याने पन्नाशीनंतर खुबा किंवा मणका मोडला असेल तर यंत्राच्या आकड्यासाठी उपचार अडवून ठेवण्याचे कारण नाही.

आता दोन औषधांकडे वळू.

संप्रेरकाचा उपचार जुना आहे. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मुतातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. अंगातून वाफा येणे, रात्री घामाने भिजणे यांवर ती गुणकारी आणि हाडांनाही आधार देणारी. पुढे १९७५ च्या सुमारास ध्यानात आले की गर्भपिशवी असलेल्या बाईला एकटे इस्ट्रोजेन दिले तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून तिला जोडीला प्रोजेस्टेरॉन जातीचे औषध द्यावे लागते. पिशवी काढलेल्या बाईला या जोडीची बहुधा गरज पडत नाही. हा फरक मनात पक्का धरा, पुढे त्याचे काम आहे.

मग झाली ती मोठी चाचणी. अमेरिकेत १९९३ ते १९९८ या काळात हजारो बायकांना त्यात घेतले. शेतीत आपण वाणांची चाचणी घेतो तेव्हा चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवतो, म्हणजे चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्याला जात नाही. ही रीत इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात पक्की केली आणि पुढे ती औषधांच्या चाचणीत गेली. शेतीने वैद्यकाला दिलेली ही देणगी फारशी कोणी आठवत नाही. असो. त्या अमेरिकी चाचणीत पिशवी असलेल्या १६,६०८ बायका होत्या. चिठ्ठीप्रमाणे निम्म्यांना दोन्ही संप्रेरके दिली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधी थांबवला. दर १०,००० बायकांमागे वर्षाला खुबा मोडण्याचे प्रकार ५ ने कमी झाले. पण स्तनाचा कर्करोग ८ ने वाढला, पक्षाघात ८ ने, फुप्फुसात रक्ताची गुठळी ८ ने आणि हृदयविकार ७ ने.

ही बातमी जगभर गेली आणि डॉक्टरांनी संप्रेरकांच्या चिठ्ठ्या लिहिणे जवळजवळ बंद केले. आपल्या भगिनीला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले ते याच भीतीपोटी. भीती खोटी नाही, पण आकडे नीट वाचायला हवेत. पहिली गोष्ट, हे आकडे १०,००० मागे आहेत. दुसरी, त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेली. वापसा निघून गेल्यावर पेरणी करायची आणि वाण वाईट म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. पन्नाशीतल्या बायकांचे आकडे पुढे वेगळे काढून पाहिले तेव्हा धोका बराच कमी दिसला. तिसरी गोष्ट आपल्या भगिनीसाठी सर्वांत महत्त्वाची. त्याच चाचणीच्या दुसऱ्या भागात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना ते एकटेच दिले होते. तो भाग २००४ मध्ये थांबवला, कारण पक्षाघात वाढला. पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट किंचित कमी निघाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही या औषधांवरचा जुना ठळक इशारा काढण्याचे जाहीर केले. पिशवी असलेल्या बाईने एकटे इस्ट्रोजेन घेण्याविषयीचा इशारा मात्र ठेवला.

आता हाडांची गोळी. हिची कुळकथा ठिबक संच वापरणाऱ्यांना आवडेल. पाण्यातल्या क्षाराने नळ्या बुजू नयेत म्हणून पाण्यात फॉस्फेट जातीचे पदार्थ घालतात. अशा पदार्थांचे कॅल्शियमशी काय नाते आहे याचा शोध घेता घेता १९६० नंतरच्या दशकात हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सोबत्यांना हाडांवरचे औषध सापडले. या जातीला बिस्फॉस्फोनेट म्हणतात. ते हाडाच्या पृष्ठावर जाऊन चिकटते, आणि पोखरणारी पेशी तिथे आली की ते तिच्या पोटात जाऊन तिला निकामी करते. यातले अलेंड्रोनेट १९९५ पासून ठिसूळतेवर वापरात आहे. ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्याला एकदा. ज्यांचा मणका आधीच चेपला आहे अशा बायकांत नवे मणके आणि खुबा मोडण्याचे प्रमाण तिने जवळजवळ निम्म्यावर आले. झोलेड्रोनिक आम्ल हे याच जातीचे औषध, वर्षातून एकदा शिरेतून देतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मणक्यांची मोड शेकडा ७० ने आणि खुब्याची शेकडा ४१ ने कमी केली. त्यात स्तनाच्या कर्करोगाचा किंवा गुठळीचा प्रश्न नाही.

मग सरसकट हेच का घेऊ नये? कारण यालाही काटे आहेत. गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथे जखम करते, म्हणून ती घेण्याची रीत कडक आहे. सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, उभे राहून किंवा ताठ बसून. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर तर मुळीच नाही. पोटात गेलेल्या गोळीचा शंभरावा भागही अंगी लागत नाही आणि चहा-दुधाने तेवढाही लागणार नाही. बोअरचे पाणी फार क्षाराचे असेल तर दुसरे चांगले पाणी वापरा. पुढे अर्धा तास काही खायचे नाही, आडवे व्हायचे नाही, आणि वाकून शेण-झाडलोटही करायची नाही. आपल्याकडच्या बाईची सकाळ कशी असते ते सर्वांना माहीत आहे. उठल्यावर चहाचा घोट नसेल तर तिचा हात चालत नाही. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या सकाळी धारा दुसऱ्या कोणी काढाव्यात. घरातल्या पुरुषांनी हे ओझे समजू नये. दवाखान्यात खुब्याच्या शस्त्रक्रियेचे बिल भरण्यापेक्षा आठवड्याला अर्धा तास स्वस्त आहे.

दुसरा काटा जबड्याचा. फार क्वचित, दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडते आणि भरून येत नाही. म्हणून किडलेले दात औषधापूर्वी काढून घ्यावेत. मशेरी लावणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मशेरीत तंबाखू आहे, ती हिरड्याही खाते आणि हाडेही. तिसरा काटा म्हणजे वर्षानुवर्षे औषध चालू राहिले तर क्वचित मांडीचे हाड विचित्र रीतीने मोडते. त्याआधी मांडीत किंवा जांघेत आतून ठसठस सुरू होते. तशी लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा. याच कारणाने तोंडी गोळी साधारण पाच वर्षांनी आणि शिरेतले औषध तीन वर्षांनी थांबून पुन्हा तपासतात. औषध हाडात मुरलेले असते, त्यामुळे ज्यांचा धोका फार नाही त्यांना मध्ये काही वर्षे सुट्टी देता येते. संप्रेरकाचे तसे नाही. ते थांबवले की झीज पुन्हा सुरू होते. मूत्रपिंडे अशक्त असतील तर बिस्फॉस्फोनेट चालत नाही, म्हणून आधी रक्ताची तपासणी. शिरेतल्या औषधाच्या पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप-अंगदुखी येते, त्याने घाबरू नये.

आता त्या भगिनीकडे वळतो. तिने सर्वांत आधी एक काम करावे. नऊ वर्षांपूर्वीचा शस्त्रक्रियेचा कागद शोधावा आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती का, ते पाहावे. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशये काम करत राहतात. जरा लवकर थकतात, एवढेच. अंडाशयेही काढली असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी संपले. साधारणपणे आपल्याकडे पाळी ४६-४७ च्या सुमारास जाते. हिची हाडे त्याच्या १२-१३ वर्षे आधीपासून बिनमुकादमाची आहेत.

हा प्रकार एकटीचा नाही. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी आली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, त्यांत कित्येक तरुण होत्या. कामाचा खाडा नको, दंड नको, पाळीची कटकट नको, आणि “पिशवी ठेवलीत तर कर्करोग होईल” ही दाखवलेली भीती. या सर्वांचा हिशेब आता त्यांच्या हाडांत निघेल. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक बाईने दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्य तर सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. आणि शस्त्रक्रिया खरोखर लागणारच असेल तर अंडाशये राखता येतील का, हा प्रश्न तोंडाने विचारावा.

कागदावर अंडाशये काढल्याचे निघाले, तर माझ्या समजुतीप्रमाणे या भगिनीच्या बाबतीत पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे वजनदार आहे. इतक्या लवकर आटलेले संप्रेरक नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, भरून देणे हे जास्तीचे औषध नव्हे, ती उणीव भरणे आहे. २००२ चे आकडे पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचे आहेत, ते ४३ वर्षांच्या हिला जसेच्या तसे लावू नयेत. पिशवी नसल्याने एकटे इस्ट्रोजेन पुरेल. ते कातडीवर लावायच्या मलमाच्या रूपातही मिळते आणि त्याने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. मात्र स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार यांपैकी काही पूर्वी झाले असेल तर हा मार्ग बंद, मग हाडांचे औषध. पन्नाशीनंतर हाडे मोजून पुढचे ठरवावे. तोपर्यंत बिस्फॉस्फोनेटची मुदत शाबूत राहते, हाही फायदाच.

सासूबाईंचा निकाल उलटा. ६९ व्या वर्षी केवळ हाडांसाठी संप्रेरक नव्याने सुरू करू नये. पाळी जाऊन वीस वर्षे झाली, आता पक्षाघात आणि गुठळीचे पारडे जड. मणका चेपलेला निघाला तर त्यांना आठवड्याची गोळी, आणि पाठीमुळे ताठ बसवत नसेल किंवा छातीत जळजळ असेल तर वर्षाचे शिरेतले औषध. म्हणजे एकाच घरात, एकाच दुखण्याला, दोघींना दोन औषधे. सुनेच्या गोळ्यांतून सासूला देऊ नये, आणि उलटही नको.

कोणी डेनोसुमॅबचे इंजेक्शन सुचवले तर एवढे लक्षात ठेवा, ते दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते आणि मध्येच सोडले तर मणके एकामागून एक चेपण्याचा धोका असतो. सहा महिने गावाबाहेर फडावर राहणाऱ्या कुटुंबाने याचा विचार आधी करावा. घेतलेच तर तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

दोन्ही औषधांखाली जमीन मात्र तयार हवी. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असताना शिरेतले औषध दिले तर रक्तातले कॅल्शियम घसरते. उन्हात राबणाऱ्या बाईला ‘ड’ कसे कमी पडेल असे वाटते, पण लांब बाह्या, डोक्यावर पदर, तोंडाला फडके, मग ऊन लागते कुठे? कमी निघाले तर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर ठरवून देतात. सांगितले तेवढेच आठवडे घ्या, मनाने चालू ठेवल्यास ती बाधते. पाळी गेलेल्या बाईला रोज सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम ज्वारीत ते तीसच्या आसपास, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, आणि तिळात हजाराच्या पुढे. गाईच्या पेलाभर, म्हणजे २०० मिलिलीटर दुधात सुमारे २४० मिळते. पण आपल्या घरात सगळे दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाते आणि उरलेला अर्धा पेला नातवाला. घरच्या दोन बायकांसाठी रोज अर्धा लीटर मागे ठेवले तर डेअरीचा हप्ता मोडत नाही.

आणखी एक. सांधेदुखीवर गावोगाव बिननावाच्या पुड्या देणारे फिरतात, पुष्कळदा त्यांत स्टिरॉइड असते. दुखणे दोन दिवसांत पळते आणि हाडे वर्षभरात पोकळ होतात. सासूबाई अशी पुडी घेत असतील तर ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावी, कारण एकदम थांबवणेही धोक्याचे असते.

डॉक्टरांकडे जाताना शस्त्रक्रियेचा कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि असलीच तर ती पुडी, एका पिशवीत घालून न्यावी.